तिच्या पायांना भेगा का नाहीत?



या अंकाच्या मुखपृष्ठावरून आमच्या संपादक गटात बरीच वादावादी झाली. अंक शेतात राबणाऱ्या बाईवर काढायचा, एवढे नक्की होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा निमित्ताने भाषणे होतात, फलक लागतात, पोस्टर्स छापली जातात आणि त्या सगळ्यांवर एक बाई असते. डोक्यावर पदर, हातात विळा नाहीतर डोक्यावर पेंढी, चेहऱ्यावर हसू, मागे हिरवेगार रान. आपला अंक तरी वेगळा दिसावा, असे सगळ्यांनाच वाटत होते. वेगळा म्हणजे कसा, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

शेवटी गटातल्या एका तरुण मैत्रिणीने एका जुन्या फ्रेंच चित्राची रंगीत प्रत आणली. चित्राचे नाव 'चंडोलाचे गाणे'. चित्रकार ज्यूल ब्रेताँ, साल १८८४. पहाटेची वेळ, क्षितिजावर नुकताच वर येणारा लाल सूर्य आणि मोकळ्या रानात उभी एक तरुण शेतमजूर मुलगी. अनवाणी. हातात विळा. चंडोलाचा आवाज ऐकून ती थबकली आहे. मान वर, ओठ किंचित विलगलेले. चित्र पाहून आम्ही साऱ्याजणी गप्प झालो. इथे बाई कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही, कोणासाठी नटलेली नाही. ती एकटी आहे आणि ऐकते आहे. मला ते चित्र फार आवडले. "हेच घेऊ," असे मीच सगळ्यांच्या आधी म्हणाले, हे कबूल करायला हवे.

छापखान्यात पाठवण्यापूर्वी ती प्रत मी शेतमजूर बायकांच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन गेले. त्यांनाही आवडेल, अशी माझी खात्री होती. चित्र हातोहात फिरले. "लई गोरी हाय," म्हणून थोडे हसून झाले. मग एका मावशींनी ते डोळ्यांजवळ धरले. उभी हयात दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेल्या या मावशी. त्या म्हणाल्या, "ताई, ही रोज अशी अनवाणी रानात जाती म्हणता. मग हिच्या पायाला भेगा कशा न्हाईत?" शेजारची म्हणाली, "दिस उगवायला ही रानात. मग घरचा सैपाक कुणी केला?" तिसरीने विचारले, "हिला रोज किती मिळतो? अन् देणारा कुठाय ह्यात?"

तीन प्रश्न. मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मी समाजकार्याची विद्यार्थिनी, चित्रकलेची नाही. पण एखाद्या घराची माहिती घेताना कमावते कोण, खर्च कोण करते, निर्णय कोणाचा, असे विचारायला आम्हाला शिकवलेले असते. तेच प्रश्न एका चित्राला विचारायचे मला सुचले नव्हते. बैठकीतल्या बायकांना सुचले. त्यानंतरचे काही आठवडे मी त्या काळच्या चित्रांविषयी मिळेल ते वाचत गेले. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

देणारा कुठे आहे?

ब्रेताँचा जन्म १८२७ साली उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर गावी झाला. वडील एका बड्या जमीनदाराच्या जमिनीची देखरेख करणारे कारभारी. म्हणजे शेतात राबणाऱ्या बायका त्याने लहानपणापासून पाहिल्या खऱ्या, पण त्या कारभाऱ्याच्या घरातून. १८४८ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. त्या धामधुमीच्या वर्षांत विशीतल्या ब्रेताँने दैन्य आणि भूक हेच विषय घेऊन चित्रे काढली. पुढे तो गावी परतला आणि त्याच्या चित्रांचा सूर बदलला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळाले ते सरवा वेचणाऱ्या बायकांच्या चित्राबद्दल.

सरवा म्हणजे काय, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसे गरीब बायापोरांनी वेचायची, ही रीत तिकडेही होती. ती नुसती रीत नव्हती, तिला कायद्याची चौकट होती. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेनुसार पीक पूर्ण उचलल्याशिवाय सरवा वेचता येत नसे. सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर वेचणे हाही गुन्हा, त्याला दंड. गरिबाचा हक्क तर आहे, पण तो दुसऱ्याचे घर भरल्यावर आणि दुसऱ्याच्या घड्याळाने.

ब्रेताँचे १८५९ चे 'सरवा वेचणाऱ्यांना परतीची हाक' हे मोठे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. संध्याकाळ झाली आहे, आकाशात चंद्राची कोर आहे. गावचा राखणदार तोंडाशी हात धरून ओरडतो आहे : आता पुरे, चला. बायका निघाल्या आहेत. कोणाच्या खांद्यावर पेंढी, कोणाच्या डोक्यावर. लुगडी नव्हेत, पण जीर्ण झगे, फाटके काठ. तरी त्या अशा चालतात की एखाद्या देवळाच्या खांबांना पाय फुटले असावेत. ब्रेताँने राखणदार लपवलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. मालक चित्रात नाही, पण मालकाचा कायदा आहे. मात्र संधिप्रकाश इतका मऊ आहे आणि बायकांची चाल इतकी डौलदार, की ती हाक हुकूम न वाटता सांजेची प्रार्थना वाटू लागते.

हे चित्र सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या खजिन्यातून विकत घेतले गेले.

याच्या दोनच वर्षे आधी, १८५७ साली, मिले या चित्रकाराने हाच विषय रंगवला होता. मिले नॉर्मंडीतल्या शेतकरी कुटुंबातला. त्याच्या 'सरवा वेचणाऱ्या' मध्ये तीन बायका आहेत. दोघी कमरेत पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. हात मात्र दिसतात, एकेक काडी उचलणारे. मागे दूरवर धान्याच्या प्रचंड गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस. इतकी सुगी आणि यांच्या मुठीत इतक्याच काड्या, हे चित्र न बोलता सांगते. ते प्रदर्शनात लागले तेव्हा एका समीक्षकाला या तीन बायकांच्या मागे क्रांतीचे भाले आणि १७९३ चा वधस्तंभ दिसला. तीन वाकलेल्या बायका, हातात शस्त्र नाही, ओठांवर घोषणा नाही, तरी भीती वाटली.

भीती का वाटली, याचे उत्तर राजकारणात आहे. १८४८ मध्ये फ्रान्समधल्या सर्व प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. देश शेतकऱ्यांचा, म्हणजे मतेही शेतकऱ्यांची. त्याच मतांवर लुई नेपोलियन आधी अध्यक्ष झाला, १८५१ मध्ये त्याने सत्ता बळकावली आणि मग तो सम्राट झाला. शेतकरी शांत आहे, देवभीरू आहे, आहे त्यात समाधानी आहे, हे पाहण्याची आणि दाखवण्याची त्या राजवटीला गरज होती. शहरातल्या धनिकालाही ती होती. पॅरिसमध्ये बॅरिकेड्स उभारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. गाव तरी निवांत आहे, असे वाटायला दिवाणखान्यात एक चित्र असले तर बरे.

आणि त्या चित्रात बहुधा बाई असे. हा योगायोग नाही. शेतकरी पुरुषाच्या हातात आता मत होते. बाईच्या हातात नव्हते. फ्रान्समधल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९४४ साल उजाडावे लागले. जिच्यापासून सत्तेला धोका नाही, तिला गावाचे आणि मातीचे प्रतीक करणे सोपे होते. आपल्याकडे भारतमाता आणि धरतीमाता भिंतीवर असतात आणि सातबारावर नाव बापाचे, नवऱ्याचे, दिराचे असते, त्यातलाच हा प्रकार. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. पोस्टरवर मात्र ती शंभर टक्के असते.

पाय कोणाचे?

मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या काळच्या कलाशिक्षणात सापडले. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, विद्यार्थी आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहून हात घटवीत आणि मग नग्न मॉडेलवरून चित्र काढीत. सुंदर शरीर म्हणजे काय, हे आधीच ठरलेले. या पद्धतीलाच अकादमिक चित्रकला म्हणतात. 'सालों' नावाच्या मोठ्या प्रदर्शनात चित्र लागायचे तर परीक्षकही याच मुशीतले. मग रानातली बाई रंगवताना हाताला सवय असे ती देवीच्या पुतळ्याची. कपडे गरिबाचे, अंग संगमरवराचे.

बूगेरो हा या शाळेचा मेरुमणी. १८८९ ची त्याची 'गुराखीण' पाहा. आडवी काठी मानेमागे खांद्यांवर धरून उभी असलेली अनवाणी पोर, मागे चरणारे बैल. किंवा १८८२ चे 'हेझलनट वेचणाऱ्या' : गवतावर लोळत गप्पा मारणाऱ्या दोन चिमुरड्या मुली. कातडी अशी की चिमटा काढला तर लाल होईल. पाय अनवाणी, पण धुतल्यासारखे स्वच्छ. अनवाणी असणे म्हणजे गरिबी, आणि स्वच्छ असणे म्हणजे ती गरिबी पाहणाऱ्याला टोचू नये याची सोय. लहान मुलींनी रानात वेचणी करणे हे काम आहे, शाळा बुडते, पाठ दुखते, साप-विंचू निघतात. इथे त्याचा खेळ झाला आहे. ही दोन्ही चित्रे आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. तिकडच्या कारखानदार-व्यापाऱ्यांनी अशी चित्रे हौसेने विकत घेतली.

ब्रेताँ बूगेरोइतका गुळगुळीत नाही. त्याच्या बायकांचे पाय दणकट आहेत, मनगटे जाड आहेत. म्हणूनच तो जास्त पटतो आणि म्हणूनच आम्ही फसलो. दणकट पाय त्याने दाखवले. भेगा, कुरूप, सुजलेले घोटे दाखवले नाहीत.

पाय म्हटले की मला मार्च २०१८ आठवतो. नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांचा, बहुसंख्य आदिवासींचा, तो मोर्चा. फोड फुटलेल्या, साल निघालेल्या तळपायांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि एरवी मोर्च्याला नाके मुरडणारे शहर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्या पायांमागे वनजमिनीच्या हक्काची मागणी होती. पाय दिसले म्हणून मागणी ऐकली गेली. पाय लपवले की मागणीही लपते.

सैपाक कुणी केला?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला. कारण याचे उत्तर ब्रेताँकडे नाही, बूगेरोकडे नाही आणि मिलेकडेही पुरते नाही. रानातली बाई म्हणजे फक्त रानातली बाई, असे या सगळ्यांनी धरले. रानात येण्याआधीचे दोन तास आणि परतल्यानंतरचे चार तास चित्राच्या चौकटीबाहेर राहिले. पाणी भरणारी, मूल पाजणारी बाई त्यांनी रंगवली नाही असे नाही. पण ते वेगळे चित्र, वेगळा मूड. एकाच बाईचा एकच दिवस कुठे दिसत नाही.

आणखीही एक गोष्ट चौकटीबाहेर राहिली, आणि ती वाचल्यावर मला ते चित्र पूर्वीसारखे पाहता येईना. ब्रेताँच्या गावाच्या आसपास जमिनीखाली कोळसा होता. कूरिएर कोळसा कंपनीचे काम सुरू झाले १८५२ च्या सुमाराला. म्हणजे ब्रेताँ जेव्हा सरवा वेचणाऱ्या बायका सोनेरी उन्हात रंगवत होता, तेव्हाच त्या पंचक्रोशीत खाणी खोदल्या जात होत्या आणि शेतकऱ्यांची मुले खाणमजूर होत होती. १८७४ च्या कायद्याने बायका-मुलींना जमिनीखालच्या कामाला बंदी झाली, तेव्हा त्या वर कोळसा निवडायला बसू लागल्या. कोळसा निवडणाऱ्या बाईला देवीच्या पुतळ्याचा डौल देणे कठीण. ती त्याच्या गाजलेल्या चित्रांत आली नाही.

१० मार्च १९०६ रोजी त्याच कंपनीच्या खाणीत, कूरिएरपासून काही किलोमीटरवर, कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. १०९९ माणसे मेली. त्यांत लहान वयाची मुलेही पुष्कळ होती. शोध थांबवल्यानंतर, वीस दिवसांनी, १३ जण स्वतःच चालत वर आले. बाकीचे का वाचवले नाहीत, हा आयाबायांचा आक्रोश आणि त्यानंतरचा मोठा संप हे सगळे इतिहासात नोंदलेले आहे. ब्रेताँ त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसला वारला. आयुष्यभर त्याने आपल्या मुलखाची चित्रे काढली. त्या मुलखाचे नाव जगाला दोन कारणांनी कळले : वर चंडोल आणि खाली खाण. दिवाणखान्यात टांगायला चंडोल गेला.

चित्र काढणारी

मग बायकांनी बायकांची चित्रे का काढली नाहीत? काढली, पण वाट सोपी नव्हती. सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश नव्हता. खाजगी वर्गांत शिकायचे तर फी पुरुषांहून जास्त. रोझा बोनरने १८४९ मध्ये नांगरणीचे प्रचंड चित्र काढले, त्यात ढेकळे इतकी खरी आहेत की मातीचा वास यावा. पण जनावरांच्या बाजारात जाऊन काम करायचे तर तिला पँट घालण्यासाठी पोलिसांचा परवाना घ्यावा लागला.

आणि ब्रेताँची स्वतःची मुलगी, विर्जिनी दमाँ-ब्रेताँ. तीही चित्रकार झाली. तिने कोळणी रंगवल्या : किनाऱ्यावर पोरे सांभाळत, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत राहणाऱ्या बायका. शिल्पकार एलेन बेर्तो यांनी १८८१ मध्ये स्त्री चित्रकार-शिल्पकारांची संघटना स्थापन केली होती. विर्जिनी पुढे तिची अध्यक्ष झाली. कलाशाळेचे दार मुलींना उघडावे म्हणून या बायकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, टिंगल सोसली. ते दार १८९७ मध्ये उघडले. बापाच्या चित्रातली मुलगी पाखराचे गाणे ऐकत उभी राहिली, आणि बापाची मुलगी मात्र संघटना करून दार ठोठावत राहिली. माझ्या दृष्टीने त्या घरातले हे दुसरे चित्र जास्त मोलाचे आहे.

आपल्याकडची गोष्ट

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण ही पद्धत आपल्याकडे आली आहे. मिलेने तीन वाकलेल्या बायका रंगवल्या त्याच साली, १८५७ मध्ये, मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथेही तेच प्लास्टरचे पुतळे, तेच धडे. रविवर्म्याचा छापखाना निघाल्यावर छापील चित्रे घरोघर गेली. तिथून कॅलेंडर, कॅलेंडरवरून बियाण्याच्या पिशवीवरची बाई, योजनेच्या फलकावरची बाई. गोरी, गोल चेहऱ्याची, नाकात नथ, हातात हिरवा चुडा. आमच्या बैठकीतल्या एकीचेही रूप त्यात नाही. आणि ज्या सुमाराला ब्रेताँ चंडोल रंगवत होता त्याच सुमाराला, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या घरातले कर्ज, अन्न आणि कपडा यांचा हिशेब मांडत होते. त्या हिशेबाचे कॅलेंडर कोणी छापले नाही.

चित्रातल्या मुलीच्या हातातल्या विळ्याकडे पाहताना मला मराठवाड्यातला कोयता आठवतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. तोडते दोघेही, मोळी वाहते ती, उचल ठरते जोडीची आणि पैसे जातात नवऱ्याच्या हातात. तिसऱ्या मावशींनी "देणारा कुठाय" विचारले, त्याच्या मागे हा अनुभव आहे. मिले वारला १८७५ मध्ये. त्याच्या 'अँजेलस' या चित्रावर १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँकांपर्यंत बोली चढली. सांजेची घंटा ऐकून शेतात मान खाली घालून उभे असलेले एक गरीब जोडपे, एवढेच ते चित्र. चित्र विकणाऱ्याला मिळाले, घेणाऱ्याला मान मिळाला. जिच्यावरून चित्र, तिच्या ओटीत काय पडले?

आता माझी स्वतःची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. होऊन मी नुकतीच एका संस्थेत लागले होते. वार्षिक अहवालासाठी फोटो हवे होते. मी कॅमेरा घेऊन कापसाच्या रानात गेले. एक मावशी वेचत होत्या. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके, कमरेला ओटी. मी म्हणाले, "मावशी, तेवढा शर्ट काढता का? पदर घ्या डोक्यावर. आणि जरा हसा." त्यांनी शर्ट काढला, पदर घेतला, हसल्या. ऊन चांगले पडावे म्हणून मी त्यांना दोनतीनदा जागा बदलायला लावली. फोटो छान आला, अहवालावर छापला गेला, पुढे कॅलेंडरवरही आला. कॅलेंडर घेऊन गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "ही म्या न्हाई. म्या कामावर अशी नसते." मी हसण्यावारी नेले.

तो शर्ट कशासाठी असतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. वाळलेल्या बोंडाची टोके हातांना ओरबाडतात, फवारलेल्या औषधाची खाज सुटते, म्हणून तो शर्ट. आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. माझ्या फोटोपायी त्यांचा अर्धा तास गेला, तेवढा कापूस कमी भरला. त्याचे पैसे मी दिले नाहीत. ते माझ्या ध्यानातही आले नाही. तेव्हा बूगेरोला नावे ठेवताना माझा आवाज फार चढू नये, हेच बरे.

उलटी चूकही आपल्या चळवळीत होते. शेतकरी आत्महत्यांनंतर किती फोटो निघाले! हार घातलेली तसबीर मांडीवर घेऊन बसलेली विधवा, डोळ्यांत पाणी. पुढचा पत्रकार आला की पुन्हा तसबीर खाली काढायची. तिचे कर्ज, तिचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे मारलेल्या चकरा, सासरशी चाललेले भांडण यांचा फोटो निघत नाही. हसणारी बाई हवी तसे हसवायचे, रडणारी हवी तसे रडवायचे. दोन्हीकडे ठरवणारा कॅमेऱ्याच्या मागे असतो. ब्रेताँने बाईला चेहरा दिला पण घामाचा हिशेब काढून घेतला. मिलेने हिशेब दाखवला पण चेहरा झाकला. दोघांनीही तिला विचारले नाही.

२००० साली आन्येस वार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेने सरवा वेचणाऱ्यांवर एक माहितीपट केला. त्यात तिने ब्रेताँच्याच एका चित्रातल्या बाईसारखी गव्हाची पेंढी खांद्यावर घेऊन संग्रहालयात स्वतःला उभे केले आणि मग ती पेंढी खाली टाकून कॅमेरा हातात घेतला. त्या कॅमेऱ्याने ती आजच्या वेचणाऱ्यांकडे गेली, रानात टाकून दिलेले बटाटे गोळा करणाऱ्यांकडे, बाजार उठल्यावर भाजी उचलणाऱ्यांकडे, आणि त्यांना बोलते केले. शंभर-दीडशे वर्षे लागली, पण वेचणारी बाई बोलली.

मग मुखपृष्ठाचे काय झाले?

ते आम्ही बैठकीतच ठरवले. बायकांना विचारले, तुमचे चित्र काढायचे तर कसे काढावे? बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले : कापूस मोजतानाचा फोटो. संध्याकाळ, गाठोडे काट्याला लटकलेले, आणि बाईचे डोळे काट्यावर. "तवा आमी कुनाकडं बघून हसत न्हाई," एकजण म्हणाली. अंगातला शर्ट अंगातच आहे. पाय जसे आहेत तसे आहेत. फोटो गटातल्याच एका मुलीने मोबाईलवर काढला, छापण्याआधी फोटोतल्या बाईला दाखवला, आणि त्या संध्याकाळच्या खोटीचे पैसे अंकाच्या खर्चात धरले आहेत.

'चंडोलाचे गाणे' टाकून द्यावे, असे मी म्हणाले. १९३४ साली, मंदीच्या काळात, अमेरिकेत शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारी कर्जात जात असताना, शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या कौलात हेच चित्र देशाचे सर्वांत लाडके ठरले होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते, हेही मी सांगितले. म्हणजे पाहा, हे चित्र माणसांना कसे झोपवते, असा माझा मुद्दा. भेगांविषयी विचारणाऱ्या मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "टाकू नका. आत कुठंतरी ठिवा. मलाबी कधी वाटतंच की, हातातलं सोडून पाखरू ऐकत उभं ऱ्हावं. पर माझी खुरपणी कोण करील?"

म्हणून ते चित्र या अंकात आतल्या पानावर आहे, आणि त्याखाली मावशींचा प्रश्न छापला आहे. मला वाटते, आपली मागणी त्या एका वाक्यात आहे. समान रोज हवा, सातबारावर नाव हवे, उचल तिच्या हातात हवी. आणि दिवसातून घटकाभर पाखरू ऐकत उभे राहण्याची सवडही हवी. तीही मजुरीतच धरायला हवी. ब्रेताँने ती सवड तिला फुकटात देऊन टाकली, रंगात. आपल्याला ती मिळवायची आहे.

तुमच्या गावात, तुमच्या संस्थेच्या भिंतीवर, अहवालावर, फलकावर जी बाई आहे तिच्याकडे एकदा नीट पाहा. गटाच्या बैठकीत ते चित्र न्या आणि हे तीन प्रश्न विचारा : पाय कोणाचे, सैपाक कुणी केला, देणारा कुठे आहे? काय उत्तरे आली ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रे छापू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शेजारणीने लिहावे. पत्रावर नाव मात्र सांगणारीचे असू द्या.